विसरणारं इंटरनेट

१७ जुलै २०१४. ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं बोइंग ७७७ पूर्व युक्रेनच्या आकाशात क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा पन्नास झाले होते. विमानात २९८ माणसं होती, त्यांतलं एकही वाचलं नाही. साधारण अर्ध्या तासाने 'व्हीकॉन्टॅक्टे' या रशियन समाजमाध्यमावर एक नोंद झळकली. युक्रेनी सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचा सेनानी इगोर गिरकिन ऊर्फ स्ट्रेलकोव्ह याच्या नावाने चालणाऱ्या पानावर ती होती. आम्ही आत्ताच एक लष्करी मालवाहू विमान पाडलं, अशा आशयाची. पडलेलं विमान प्रवाशांनी भरलेलं होतं हे जगाला कळलं, आणि काही तासांत ती नोंद पानावरून नाहीशी झाली. पुढे तर विमान दुसऱ्यांनीच पाडलं, असं सांगितलं जाऊ लागलं.

ती नोंद आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या रात्री आपल्या घड्याळाप्रमाणे आठ वाजून बावन्न मिनिटं आणि बावीस सेकंदांनी, म्हणजे पुसली जाण्यापूर्वी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका यंत्राने त्या पानाची नक्कल करून ठेवली होती.

त्या नकलेच्या पत्त्यात चौदा अंकांची एक ओळ आहे: २०१४०७१७१५२२२२. पहिल्यांदा पाहताना ती वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकासारखी निरर्थक वाटते. तुकडे पाडून वाचा. २०१४ हे साल, ०७ महिना, १७ तारीख, मग ग्रिनिच वेळेनुसार १५ वाजून २२ मिनिटं, २२ सेकंद. त्या संग्रहातल्या प्रत्येक पानाला असा चौदा आकडी शिक्का असतो. पूर्वी ताम्रपटावर शक आणि तिथी कोरत. इथे सेकंदापर्यंतचा काळ पत्त्यातच कोरलेला आहे. मला ही ओळ विलक्षण वाटते. माणसं खोटं बोलण्याआधी काय म्हणाली होती, याची साक्ष त्या चौदा आकड्यांत गोठून राहिली आहे.

हे यंत्र म्हणजे 'इंटरनेट अर्काइव्ह' या ना-नफा संस्थेचं 'वेबॅक मशीन'. ब्रूस्टर केल या संगणक अभियंत्याने १९९६ मध्ये संस्था काढली, वेबची अख्खी पानंच्या पानं साठवायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये हा साठा सगळ्यांसाठी मोफत खुला केला. काम करण्याची रीत समजायला सोपी आहे. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम पत्त्यांची एक यादी घेऊन निघतो. पहिलं पान उघडतो, त्यातला मजकूर आणि चित्रं उतरवून घेतो, त्या पानावरच्या सगळ्या लिंका गोळा करतो, मग त्या लिंकांवरच्या पानांकडे वळतो. तिथल्या लिंका पुन्हा यादीत पडतात. ही भ्रमंती रात्रंदिवस चालू असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये या संग्रहातल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेल्याचं संस्थेने जाहीर केलं. एकावर बारा शून्यं.

संस्थेचं घर म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोमधलं एक जुनं चर्च आहे. पुढे उंच पांढरे खांब, आत प्रार्थनेसाठीची लांब बाकं जशीच्या तशी, आणि भिंतीतल्या कोनाड्यांत सर्व्हरची काळी कपाटं. त्यांच्यावरचे निळे दिवे सतत लुकलुकत असतात. जगाच्या पाठीवर कुणीतरी त्या क्षणी एखादं जुनं पान मागतो, तेव्हा त्यांतला एक दिवा पेटतो. बाकांच्या कडेने संस्थेत काही वर्षं काम केलेल्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे उभे केलेले आहेत. २००२ मध्ये या संग्रहाची एक प्रत इजिप्तमधल्या नव्या अलेक्झांड्रिया ग्रंथालयात ठेवली गेली. ज्या गावातल्या प्राचीन ग्रंथालयाचा नाश ही माणसाच्या विस्मरणाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे, त्याच गावात.

पण त्या जुलैच्या संध्याकाळी क्रॉलर नेमका स्ट्रेलकोव्हच्या पानावर का गेला? यामागे माणूस होता. कॅलिफोर्नियातल्या हूवर इन्स्टिट्यूशनच्या अभिलेखागारातले अभ्यासक अनातोल श्मेलेव्ह यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात युक्रेन संघर्षाशी संबंधित रशियन आणि युक्रेनी संकेतस्थळांची एक यादी अर्काइव्हला दिली होती. ही पानं नियमित उतरवून घ्या, असं सांगून. विमान पडायला तेव्हा दोनेक आठवडे अवकाश होता. काय घडणार हे त्यांना कुठून माहीत असणार? उद्याच्या इतिहासकाराला आजचं काय लागेल, याचा अंदाज बांधणं एवढंच त्यांच्या हाती होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या न्यायालयाने गिरकिनसह तिघांना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. त्या खटल्यात फोनवरची संभाषणं, फोटो, व्हिडिओ असा पुराव्यांचा डोंगर होता. ती एक नोंद म्हणजे सगळा खटला नव्हे. पण लोकांच्या स्मृतीत खोटं पक्कं बसण्याआधी त्याला एक फट या पानाने पाडली.

आता एका पक्क्या समजुतीकडे येऊ. एकदा नेटवर गेलं की ते कायमचं, हे आपण मुलांना सांगतो, शाळेतल्या सायबर सुरक्षेच्या व्याख्यानात ऐकतो. सावधगिरीचा सल्ला म्हणून ठीक आहे. वस्तुस्थिती म्हणून ते चूक आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या निम्म्याहून अधिक लेखांत तळटिपेतली निदान एक लिंक मेलेली होती. त्याआधी हार्वर्डच्या कायदेतज्ज्ञांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या लिंका तपासल्या, तर जवळपास निम्म्या लिंका मूळ मजकुरापर्यंत पोहोचतच नव्हत्या. निकाल आहे, त्याला आधार म्हणून दिलेला दस्तऐवज नाही.

असं का होतं, हे नीट पाहिलं तर माध्यमाचा स्वभाव कळतो. कागदाकडे दुर्लक्ष केलं तर तो टिकण्याची बरी शक्यता असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून जुनी दप्तरं धुंडाळत फिरले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यात पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं होती. सव्वाशे-दीडशे वर्षं ती कुणाच्या तरी घरात रुमालात बांधून पडलेली होती. वाळवीने, पावसाने, चुलीने कितीतरी खाल्ली असतील. जी उरली ती बहुतांशी यामुळे, की त्यांना कुणी हात लावला नाही. त्या पत्रांचं भाडं कुणाला भरावं लागत नव्हतं.

वेबपानाचं भाडं भरावं लागतं. पत्त्याच्या नावाचं ठरावीक काळाने नूतनीकरण करून घ्यावं लागतं, सर्व्हरचे पैसे द्यावे लागतात, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावं लागतं. एखाद्या साहित्य संमेलनाची वेबसाइट संमेलन संपल्यावर कुणाची? निवडून आलेली समिती बदलली, खात्याने संकेतस्थळ नव्याने बांधून घेतलं, कंत्राटदार गेला, की जुन्या पानांचे पत्ते तुटतात. त्यात कुणाचा कट नसतो. पत्र विसरलं गेल्यामुळे वाचलं; वेबपान विसरलं गेलं की मरतं. माणसाच्या नोंदी ठेवण्याच्या हजारो वर्षांच्या इतिहासात ही नवी गोष्ट आहे, आणि तिचं गांभीर्य आपल्याला अजून उमगलेलं नाही.

कंपन्यांच्या अंगणात मांडलेल्या संसाराचं तर विचारूच नका. ऑर्कुट आठवतं? भारत आणि ब्राझील या दोन देशांनी त्या माध्यमावर जीव टाकला होता. कॉलेजातली भांडणं, गावच्या नावाचे समूह, मित्राच्या स्क्रॅपबुकात लिहिलेले 'स्क्रॅप'. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ते बंद केलं. २०१९ मध्ये 'मायस्पेस'ने सर्व्हर हलवताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत गमावल्याचं मान्य केलं. पाच कोटींहून अधिक गाणी गेली. हौशी पोरांनी घरात ध्वनिमुद्रित केलेली, दुसरीकडे कुठे नसलेली.

कधी कधी वस्तू उरते आणि ती वाचण्याची किल्ली हरवते. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीनमोजणीचं 'डूम्सडे बुक' आजही उघडून वाचता येतं. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने नवं डूम्सडे केलं. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत बहुतेक शाळकरी मुलांनी, आपापल्या परिसराची माहिती, छायाचित्रं दिली. हे सगळं लेझर डिस्कवर भरलं. पंधराएक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना खटपट करून तो मजकूर सोडवावा लागला.

मराठीत याहून जवळचं उदाहरण आहे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळण्याआधी आपली वर्तमानपत्रं वेबवर स्वतःचे फॉन्ट वापरत. संगणकाच्या पोटात खरं तर रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असत आणि फॉन्ट त्या संकेतांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवी. 'क' दिसे, पण आत 'क' नसे. आज त्या काळातलं एखादं मराठी पान संग्रहातून काढलं आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची खूण, उलटेसुलटे टिंब-स्वल्पविराम यांची रांगोळी दिसते. बातमी शंभर टक्के शाबूत आहे आणि एक शब्द वाचता येत नाही. शोधयंत्रालाही ती सापडत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे मराठी नाहीच. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीत लिहिलेले हजारो रुमाल आहेत आणि मोडी झरझर वाचणारी माणसं मोजकी. दोनशे वर्षांत लिपीचं जे झालं, ते फॉन्टचं वीस वर्षांत झालं. सुदैवाने या फॉन्टांचे संकेत उलगडून युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत. त्यांचा उपयोग करून जुने अंक सोडवणं हे वृत्तपत्रांनी, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी अंगावर घेण्यासारखं काम आहे.

इतकं विसरणाऱ्या या माध्यमाची एक आठवण मात्र एका माणसाच्या मानगुटीवर बसली होती. मारियो कोस्तेखा गोन्झालेस हे स्पेनमधले गृहस्थ. १९९८ मध्ये बार्सिलोनाच्या 'ला व्हान्ग्वार्दिया' या दैनिकात दोनदा एक छोटी जाहीर सूचना छापून आली: सामाजिक सुरक्षेची थकबाकी वसूल करण्यासाठी काही मालमत्तांचा लिलाव. त्यात त्यांचं नाव होतं. सूचना कायद्याप्रमाणे छापलेली, खरी. थकबाकी मिटली, वर्षं गेली. मग दैनिकाने आपले जुने अंक डिजिटल करून वेबवर ठेवले. स्तुत्य काम. आणि त्यानंतर गूगलवर कोस्तेखा यांचं नाव टाकलं की ती लिलावाची सूचना समोर येऊ लागली.

इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. तीच सूचना १९९८ पासून ग्रंथालयात होतीच. पण तिथे ती पाहायला कुणाला तरी जायचं, नेमक्या महिन्याची बांधीव फाइल काढून घ्यायची, धूळ झटकायची आणि पान अन् पान उलटायचं असे कष्ट होते. ते कष्ट हेच त्या माणसाचं संरक्षण होतं. कायद्याने दिलेलं नव्हे, कागदाने आपोआप दिलेलं. जुना कागद पिवळा पडतो, त्याचं वय त्याच्या अंगावर दिसतं. शोधयंत्रात बारा वर्षांपूर्वीची सूचना आणि कालची बातमी एकाच पांढऱ्या पडद्यावर, एकाच टाइपात, एकाखाली एक येतात. काळाचं अंतरच पुसलं जातं.

कोस्तेखा तक्रार घेऊन गेले, प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात पोहोचलं आणि १३ मे २०१४ रोजी निकाल लागला. मला या निकालातली कारागिरी फार आवडते. वृत्तपत्रातलं पान काढायचं नाही. ते जिथे आहे तिथेच राहील, कारण ते खरं आहे आणि कायदेशीरपणे छापलेलं आहे. फक्त त्या माणसाच्या नावाने शोध घेतला, तर शोधयंत्राने त्या पानाची वाट दाखवायची नाही. लिलावांचा इतिहास अभ्यासणाऱ्याला सूचना सापडेल. नोकरी देण्याआधी उमेदवाराचं नाव टाकून पाहणाऱ्याला सापडणार नाही. सार्वजनिक जीवनात भूमिका असलेल्यांना ही सवलत सरसकट मिळणार नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. गूगलने मेच्या अखेरीस अर्ज खुला केला आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार विनंत्या आल्या. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की हे बंधन युरोपीय संघापुरतं आहे, शोधयंत्राची जगभरातली उत्तरं बदलायला युरोपीय कायदा भाग पाडत नाही. म्हणजे एकाच माणसाचा भूतकाळ पॅरिसमध्ये एक दिसतो आणि पुण्यात दुसरा.

भारतात हा वाद अजून वाटेतच आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यातल्या आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्या. संजय किशन कौल यांनी विसरलं जाण्याच्या हक्काचाही विचार केला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून किंवा खोडून घेण्याचा हक्क आला. पण न्यायालयाच्या निकालपत्रांचं काय? मद्रास उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीच्या विनंतीवरून एका कायदेविषयक संकेतस्थळाला निकाल काढून टाकायला सांगितलं होतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. निकाल ही सार्वजनिक नोंद आहे, ती गायब करण्याचे परिणाम दूरवर जातात, ही चिंता रास्तच आहे. निर्दोष सुटूनही आयुष्यभर आरोपी म्हणून शोधात सापडणाऱ्या माणसाची वेदनाही तितकीच खरी. पान ठेवा, नावावरून येणारी वाट बंद करा, हा युरोपीय न्यायालयाचा तोडगा आपल्यालाही इथे चालेल, असं माझं मत आहे.

आणि म्हणून इंटरनेटवर सगळं उरतं म्हणणं जितकं चूक, तितकंच काहीच उरत नाही म्हणणंही. ते विसरतं, पण विसरण्याचा क्रम उफराटा असतो. ज्याचं भाडं कुणी भरत नाही ते जातं: ग्रामपंचायतीचा ठराव, बंद पडलेल्या नियतकालिकाचे अंक, खात्याचा जुना अहवाल. ज्यावर टिचक्या पडतात ते वर तरंगत राहतं: कुणाच्या अटकेची बातमी, कुणाची फजिती, कुणाचा एका दुबळ्या क्षणी घेतलेला व्हिडिओ. जुन्या समाजात नेमकं उलट असावं अशी अपेक्षा असे. सत्ताधाऱ्यांचे शब्द दगडावर कोरून ठेवायचे आणि शेजाऱ्याच्या पोराची चूक चार पावसाळ्यांत विसरायची.

साठवणाऱ्यांचीही वाट आता अवघड होते आहे. क्रॉलरला आत येऊ द्यायचं की नाही, हे सांगणारी एक साधी मजकुराची फाइल संकेतस्थळावर ठेवण्याचा रिवाज १९९४ पासून आहे. तो कायदा नाही, दारावर लावलेल्या पाटीचा मान राखण्याची सभ्यता आहे. तीस वर्षं ती बऱ्यापैकी पाळली गेली. आता एआय प्रशिक्षणासाठी मजकूर ओरबाडणाऱ्या कंपन्या अर्काइव्हच्या मागच्या दाराने येतील, या धास्तीने काही माध्यमांनी अर्काइव्हलाच दार लावायला सुरुवात केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रेडिट'ने तसं जाहीर केलं. मालकांची भीती समजते. पण उद्या एखाद्या नेत्याने आपलं वक्तव्य गुपचूप बदललं, तर ते आदल्या दिवशी काय होतं हे दाखवणारी त्रयस्थ प्रत त्यामुळे कुठेच नसेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि वेबॅक मशीन काही दिवस बंद होतं, तेव्हा जगभरच्या पत्रकारांना आपण एका संस्थेवर किती विसंबून आहोत ते कळलं.

मराठी वृत्तसंस्थांच्या संपादकांना एक विनंती आहे. अटकेची बातमी वेबवर कायम राहणार असेल, तर पुढे ती व्यक्ती सुटल्याची ओळ त्याच पानावर, तारखेसह, शीर्षकाखाली घाला. आतल्या पानावरच्या स्वतंत्र दोन ओळींनी कागदाच्या काळातही न्याय होत नव्हता. आता तर त्या ओळी कुणाला सापडतही नाहीत.

आणि वाचकहो, वेबॅक मशीनवर कुणालाही, फुकट, जवळजवळ कोणत्याही सार्वजनिक पानाचा पत्ता टाकून त्याची नक्कल त्या क्षणी जतन करता येते. आपल्या गावच्या वाचनालयाचं पान, नगरपालिकेच्या सभेचं इतिवृत्त, स्थानिक साप्ताहिकाचा अंक, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शासन निर्णय, यांतलं जे तुम्हाला महत्त्वाचं वाटतं त्याचा पत्ता आज तिथे टाका. मिनिटभराचं काम आहे.